फोन भारताचा, रेडिओ नेपाळचा: आठ महिन्यांनंतर

जुलै २०२५ मध्ये कामासाठी ललितपूरला राहायला आले. काठमांडूहून बागमती ओलांडली की हे शहर लागतं. माझं माहेर माण तालुक्यातलं, नोकरी पुण्यात. आठ महिने दोन्ही देशांची सिमकार्डं एकाच फोनमध्ये घालून वापरली, टीव्ही पाहिला आणि भरपूर रेडिओ ऐकला. इकडे येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

आधी मोबाइल. इथे नेपाळ टेलिकम आणि एनसेल हे दोनच मोठे पर्याय. पासपोर्टची प्रत आणि फोटो दिल्यावर सिम मिळालं. पण तीनेकशे रुपयांत अठ्ठावीस दिवस रोज दीड जीबी आणि बोलायला मोकळीक, या भारतातल्या सवयीला इथे मुरड घालावी लागली. बोलण्याचा पॅक वेगळा, डेटाचा वेगळा, आणि दोन्हींची मुदत लक्षात ठेवायची. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, इथे माझ्या फोनवर ते एकदाही दिसलं नाही. भारतातलं सिम मात्र बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, तेव्हा निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या.

घरातलं फायबर चांगलं आहे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं. गल्लीतल्या विजेच्या खांबांवर काळ्या वायरींचे हे भले मोठे गुंडाळे लोंबतात, त्यातलीच एक आपली. दसैंच्या, म्हणजे इथल्या दसऱ्याच्या, आधी ती तुटली आणि कंपनीचा माणूस यायला चार दिवस लागले. रोज फोन केला की ‘भोलि’, म्हणजे उद्या. पण एकदा जोडल्यावर पुन्हा त्रास झाला नाही.

टीव्हीवर हिंदी वाहिन्या दिसतात, पण भारतातल्या जाहिराती दिसत नाहीत. परदेशी वाहिन्या जाहिरातींशिवायच दाखवायच्या, असा नियम इथे ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. जाहिरातीचा पैसा देशातल्या वाहिन्यांना मिळावा हा हेतू, आणि मला तो पटतो.

आता सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. कंपन्यांनी नोंदणी केली नाही म्हणून नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. फेसबुक, यूट्यूब गेलंच, व्हॉट्सॲपही गेलं. आईशी रोज रात्री व्हिडिओ कॉल असायचा, तो तुटला. शेजारच्या मुलीने व्हायबर हे व्हॉट्सॲपसारखंच ॲप सुचवलं. त्याची नोंदणी झालेली होती, म्हणून ते चालू होतं. माहेरी भावाने आईच्या फोनवर ते घातलं. ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी १९ जणांचा जीव गेला. त्या रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि शहरात संचारबंदी लागली.

आईचा फोन आला, “अगं, टीव्हीवर सगळं जळताना दाखवतायत. तू कुठंयस?” मी घरमालकिणीच्या, म्हणजे आमच्या घरबेटी दिदींच्या स्वयंपाकघरात होते. खिडकीत अँटेना वर करून ठेवलेला छोटा एफएम संच, खाली बसून दिदी रायोको साग, म्हणजे मोहरीवर्गातली पालेभाजी, निवडत होत्या. फोनवर व्हिडिओंचा नुसता पूर आलेला, त्यात कालचं काय, आजचं काय, खरं किती, काही कळत नव्हतं. रेडिओ सांगत होता की संचारबंदी किती वाजता सैल होणार, कोणता रस्ता बंद आहे, रक्त कुठे हवंय. मला नेपाळी अर्धीमुर्धीच येते, पण तेवढ्यावर भागलं. आईला मी तेच ऐकून सांगत होते.

इथे शेकडो एफएम केंद्रं आहेत आणि ती स्वतःच्या बातम्या देतात. १९९७ मध्ये पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेच्या रेडिओ सगरमाथाला परवाना मिळाला. दक्षिण आशियातलं हे पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र, म्हणजे सरकारचं नाही, नफ्यासाठीही नाही, लोकांसाठी चालवलेलं. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा फोन तोडले आणि एफएमवर बातम्यांना बंदी केली. दिदींना ते दिवस आठवतात. “गाणी तेवढी वाजत होती,” म्हणाल्या. ती बंदी गेली, बातम्या परत आल्या.

आणि आपल्याकडे? आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं. बायका स्वतः कार्यक्रम करतात, शेतीचं, आरोग्याचं, ओव्यांचं. माझ्या मावशीचा तो जीव की प्राण. पण भारतात खासगी एफएमला आणि सामुदायिक रेडिओला स्वतःची बातमी द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीची बातमीपत्रं तेवढी लावता येतात. पाणी कधी सुटणार ही सूचना चालते. टँकर चार दिवस का आला नाही, ही बातमी म्हणून चालत नाही. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलं होतं. माणसारख्या दुष्काळी तालुक्याला स्वतःची बातमी रेडिओवर ऐकता येऊ नये, याचं मला इथे राहून फार वाईट वाटू लागलंय. आधी ते कधी लक्षातही आलं नव्हतं.

इंटरनेट बंद करण्यात मात्र आपण नेपाळला नावं ठेवू नयेत. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला गेलेलं ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आलं.

तर, स्वस्त डेटा हवा तर भारत, यात वाद नाही. पण इथे येणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सेलवर चालणारा एक एफएम संच घ्यावा. मी पाटणच्या, म्हणजे ललितपूरच्याच जुन्या भागातल्या, बाजारातून घेतला. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, त्यामुळे सकाळी सातला रेडिओ नेपाळचे समाचार ऐकून चहा टाकते आणि सात पंचवीसला फोनवर आकाशवाणी पुण्याच्या सात दहाच्या बातम्या लावते. मधल्या वेळात खालून दिदींच्या रेडिओचा आवाज येत असतो, वॉर्डातल्या सूचना चालू असतात.