सुरकूफ, १:३५०: खोक्यावर शांतताकाळ, बांधायची १९४२ ची

या किटचं प्लास्टिक चोख आहे, सोबतचा कागद मात्र अर्धाच इतिहास सांगतो. फ्रेंच पाणबुडी ‘सुरकूफ’, माप १:३५०, चिनी बनावट, पूर्ण हल, म्हणजे पाण्याखालच्या भागासकट बोटीचं सगळं धड. खोक्यावर हिरवट पाणबुडी, पाठीवर छोटं समुद्री विमान आणि टॉवरवर ठळक अक्षरं. म्हणजे मिरवणुकीतली सुरकूफ. कमांडर जॉर्ज ब्लेझों १२ फेब्रुवारी १९४२ ला बर्म्युडाहून जी शेवटच्या प्रवासाला घेऊन निघाले ती ही नव्हे. ब्लेझोंची बोट हवी असेल तर रंग, विमान आणि झेंडा या तिन्ही बाबतींत सूचनापत्रक बाजूला ठेवावं लागतं. ज्यांना खोक्यात आहे तेच जोडून शोकेसमध्ये ठेवायचंय त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, किट त्यांना निराश करणार नाही.

आधी मापं. खरी बोट ११० मीटर लांब, ९ मीटर रुंद. म्हणजे मॉडेल ३१.४ सेंमी आणि जेमतेम २६ मिमी रुंद. आमच्याकडच्या हलची लांबी पट्टीवर बरोबर उतरली. बोट शेरबुर्गच्या गोदीत १९२९ मध्ये पाण्यात उतरली, नौदलात दाखल व्हायला १९३४ उजाडलं. पाण्यावर ३,२५० टन, पाण्याखाली ४,३०० च्या वर. १९३० च्या लंडन करारात पाणबुडीला २,८०० टनांची आणि १५५ मिमी तोफेची मर्यादा आली. फ्रान्सने ही एक बोट सवलतीत राखली, पण तिला बहीण, म्हणजे त्याच बनावटीची दुसरी बोट, मिळाली नाही. नाव सँ-मालोच्या रोबेर सुरकूफचं, सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं धरणाऱ्या फ्रेंच कप्तानाचं. त्यानेच १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं ‘केंट’ जहाज धरलं होतं. किटच्या कागदावर याचा उल्लेखही नाही. इथल्या ग्राहकाला तेवढीच ओळ सगळ्यात जवळची वाटली असती.

किटचा खरा ऐवज म्हणजे तोफांचा मनोरा. २०३ मिमीच्या दोन तोफा, ५० कॅलिबर, म्हणजे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या पन्नासपट, सुमारे दहा मीटर. या मापात २९ मिमी. प्लास्टिकच्या नळ्या सरळ आहेत, पण साच्याची जोडरेघ वरच्या बाजूला येते आणि ती घासताना नळी चपटी होते. वॉटरपेपर नळीभोवती गुंडाळून फिरवा, लांबीच्या दिशेने ओढू नका. तोंडाचं भोक मापाप्रमाणे ०.५८ मिमी निघतं, ०.५ चं ड्रिल वापरा आणि आधी सुईने मध्यबिंदू टोचून घ्या. मात्र बुडी मारताना नळ्यांची तोंडं झाकणांनी बंद व्हायची. त्यामुळे गस्तीवरची बोट दाखवणार असाल तर ड्रिल करूच नका, तोंडं सपाट ठेवा. हे काम वाचतं आणि बरोबरही ठरतं. तोफांचा पल्ला कागदावर २७ किमी, पण पाण्यालगतच्या बोटीवरून दुर्बिणीला दिसायचं ११ किमीपर्यंतच. बोट आठ अंशांहून जास्त डोलली की नेम संपला. एवढ्या दिमाखदार मनोऱ्याने युद्धात काय केलं याचं उत्तर इथेच आहे.

जोडणी. हलचे डावा-उजवा असे दोन भाग येतात. मे महिन्यातल्या कुरिअरच्या गाडीत तापून आलेला हल मध्यभागी वाकलेला असू शकतो. जोडण्याआधी काचेवर ठेवून बघा. वाकला असेल तर ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन मिनिटं, मग काचेला टेपने बांधून गार होऊ द्या. उकळतं पाणी नको, खालच्या जाळीदार भोकांच्या कडा ओघळतात. या भोकांतून बुडी मारताना पाणी आत शिरायचं, ती नाजूक आहेत आणि पुट्टीने बुजली की परत उघडत नाहीत. म्हणून जोडाची फट भरायला गाडीची पुट्टी न वापरता फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून सुईच्या टोकाने भरा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी ते मिश्रण प्लास्टिकपेक्षा कठीण होतं आणि घासताना शेजारचं प्लास्टिकच खाली जातं. ४००, ८००, १२०० असा वॉटरपेपरचा क्रम, पाणी लावून.

थिनरबद्दल एक ताकीद. इंदूरच्या सियागंजात ‘थिनर द्या’ म्हटलं की हातात एनसी थिनर येतो. तो पॉलिस्टायरीन वितळवतो. ब्रश धुवायला ठीक, मॉडेलवर थेंबही नको. ॲक्रिलिक पातळ करायला जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उकाड्यात रंग एअरब्रशच्या टोकावरच सुकतो, तेव्हा रिटार्डरचे, म्हणजे रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब टाका आणि दुपार टाळा. पावसाळ्यात उलट तक्रार: लॅकरचा चकचकीत थर हवेतल्या दमटपणाने दुधाळ होतो. झालाच तर वर दुसरा थर मारू नका, कोरड्या दिवशी रिटार्डर-थिनरची हलकी फवारणी करा, बहुतेक वेळा उतरतो.

आता रंग, आणि इथे किट सरळ चुकतं. कागद ऑलिव्ह हिरवा सांगतो आणि त्यावर ‘एनएन३’ अक्षरांचं डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचा छाप, देतो. ही चूक जुनी आहे, किटवाले एकमेकांची उतरवत आलेत. युद्धाआधी बोट हिरवी नव्हे, गडद प्रशियन निळी होती. १९४० च्या अखेरीस हल आणि टॉवरवर दोन छटांचा करडा आला. युद्धकाळातले फोटो कृष्णधवल आहेत, तेव्हा नेमक्या छटेवरून भांडण्यात अर्थ नाही. फिकट आणि गडद यांतला फरक फोटोत दिसतो तेवढा राखा आणि दोन्हींत दहा टक्के पांढरा मिसळा. छोट्या मापावर गडद करडा काळा वाटू लागतो. अक्षरं लावू नका.

रंग बदलला त्यामागे बोटीवरची माणसंही बदलली होती. जून १९४० मध्ये ही बोट ब्रेस्टला दुरुस्तीत होती. जर्मन येताहेत म्हणताच ती एका इंजिनावर, अडकलेल्या सुकाणूनिशी इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडमधल्या प्लिमथला पोचली. ३ जुलैच्या पहाटे ब्रिटिशांनी बंदरातल्या फ्रेंच बोटी ताब्यात घेतल्या. सुरकूफवर झटापट झाली आणि तीन ब्रिटिश व एक फ्रेंच असे चौघे मेले. खलाशांपैकी बहुतेकांनी मायदेशी परतणं पसंत केलं. जर्मनांविरुद्ध लढत राहिलेल्या द गॉलच्या मुक्त फ्रेंच नौदलाने नव्या माणसांनिशी बोट पुन्हा उभी केली, आधी पॉल ऑर्तोली यांच्या हाताखाली, १९४१ मध्ये ब्लेझोंच्या. २४ डिसेंबर १९४१ ला व्हाइस ॲडमिरल म्युझेलिए यांनी ‘मिमोझा’, ‘आकोनी’, ‘आलिस’ या तीन कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) आणि सुरकूफ घेऊन कॅनडाजवळची सँ-पिएर आणि मिकलों बेटं जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रान्समधल्या व्हिशी सरकारकडून काढून घेतली. सूचनापत्रकात या सगळ्याला एक ओळ आहे: ‘दुसऱ्या महायुद्धात नष्ट’.

विमानाचे सुटे भाग सुरेख आहेत. बेसाँ एमबी ४११, पंख १२ मीटर, म्हणजे इथे ३४ मिमी, खाली पाण्यावर तरंगायला एकच मोठा तरंडा. पण ब्लेझोंच्या शेवटच्या प्रवासात विमान बोटीवर नव्हतं. बोटीवर विमान ठेवायच्या हँगरचं दार बंद जोडा. दार किंचित लहान आहे, भोवती ०.३ मिमीची प्लास्टिक पट्टी लागते. विमान वेगळं बांधून स्टँडवर ठेवा, टाकून द्यायच्या लायकीचं ते नक्कीच नाही.

झेंड्याचं डिकॅल वापरू नका. तीन पट्टे सारखे छापलेत. फ्रेंच नौदलाच्या तिरंग्यात निळा, पांढरा, लाल यांचं प्रमाण ३०:३३:३७ असतं, म्हणजे वाऱ्यावर फडकताना दुरून सारखे दिसावेत. १२ मिमी रुंद झेंड्यात ३.६, ४ आणि ४.४ मिमी. पातळ कागदावर छापून, पातळ फेव्हिकॉल लावून ओला असतानाच चुण्या द्या. बंदरातली बोट दाखवत असाल तर नाळेवर मुक्त फ्रेंच नौदलाचा जॅक, म्हणजे पुढच्या टोकाचा छोटा झेंडा, हवा, लॉरेनचा दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रॉस असलेला. तो किटमध्ये नाही. समुद्रावरच्या पाणबुडीवर जॅक नसतो, तेव्हा त्या मांडणीत हा प्रश्नच उरत नाही.

फोटो-एचची, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या बारीक भागांची, पितळी पट्टी एकच: कठडे, शिडी, तारांचे आधार. कठडे वाकवण्याआधी मेणबत्तीवर क्षणभर धरले तर मऊ होतात. चिकटवायला फेविक्विक अगदी कणभर, आणि मॉडेल बंद डब्यात ठेवू नका. कोंडलेल्या वाफेने आसपास पांढरा थर बसतो, गडद करड्यावर तो लपत नाही. अँटेनाच्या तारांना स्प्रू (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडून येतात ती) तापवून ओढलेला धागा दोऱ्यापेक्षा बरा, त्याला तूस येत नाही.

मॉडेलखाली समुद्राचा देखावा करणाऱ्यांसाठी: १८ फेब्रुवारीची रात्र, पनामा कालव्याच्या उत्तरेला कॅरिबियन समुद्र. ‘थॉम्पसन लाइक्स’ हे दिवे मालवून चाललेलं अमेरिकी मालवाहू जहाज त्या रात्री पाण्यात अर्धवट बुडालेल्या कशावर तरी आदळलं. सुरकूफ त्यानंतर कोणाला दिसली नाही. ब्लेझोंसह १३० माणसं गेली, सांगाडा आजवर सापडलेला नाही. विमानाच्या बॉम्बनी बुडाली असंही एक मत आहे, टक्कर जास्त पटते. तेव्हा तोफा नाळेकडे सरळ आणि झेंडा नाही.

किंमत कस्टम आणि कुरिअर धरून दुखते, आणि इंदूरच्या दुकानांत हे किट सहसा मिळत नाही. मागवलंच तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. आधी मनोऱ्याचे दोन भाग, मग दोन्ही नळ्या, मग विमानाच्या पारदर्शक काचेचा स्प्रू तपासा. पिशवीत सैल पडलेला भाग बहुतेक वेळा तोच असतो, आणि विक्रेते सात दिवसांनंतर तक्रार घेत नाहीत.