हॅचबॅकच्या गिअरबॉक्सचा आवाज: नाशिकच्या रस्त्यांवर काही महिन्यांनंतर

माझ्या या हॅचबॅकचे इंजिन, मायलेज आणि आसने यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी येथे केवळ पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सविषयी लिहीत आहे, कारण रोज सातपूर ते अंबड ये-जा करताना आणि अधूनमधून कसारा घाट उतरताना माझे कान सर्वाधिक त्याच्याकडेच लागलेले असतात.

पुढचे पाचही गिअर एरवी शांत आहेत, आणि याचे श्रेय तिरक्या, म्हणजे हेलिकल दात्यांना जाते. सरळ दाता संपूर्ण रुंदीवर एकदम भिडतो आणि एकदम सुटतो. तिरका दाता एका टोकापासून क्रमाने भिडत जातो व तो सुटण्यापूर्वीच पुढच्या दात्याने भार उचललेला असतो. मात्र तिरके दाते शाफ्टला लांबीच्या दिशेने रेटतात, त्यामुळे तो रेटा पेलणारी बेअरिंग द्यावी लागतात. रिव्हर्सला येणारी मोठी घरघर हा बिघाड नव्हे. अनेक मॅन्युअल गाड्यांत सरळ दात्यांचे चाक सरकवून रिव्हर्स जोडतात, तशीच रचना येथेही आहे. सोसायटीच्या तळघरात तो आवाज घुमतो खरा, परंतु रिव्हर्सचा वापर इतका थोडा असतो की साध्या, स्वस्त सरळ दात्यांची ही काटकसर मला रास्त वाटते.

खटकतो तो तिसऱ्या गिअरचा बारीक सूर. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी इंजिनच्या रोधावर धरली की एका ठरावीक वेगाला तो स्पष्ट ऐकू येतो. परतीच्या चढाला जवळजवळ येत नाही. ३० दात्यांचे चाक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १००० वेळा दाते भिडतात, आणि १००० हर्ट्झचा सूर कानाला सहज टिपता येतो. चढाला दात्याची एक बाजू भार घेते, उताराला दुसरी. भाराखाली दाते आणि शाफ्ट किंचित वाकतात, म्हणून दात्याच्या टोकाशी काही मायक्रॉन धातू कमी केला जातो आणि बाजूला सूक्ष्म फुगवटा दिला जातो. पण हा आकार एका विशिष्ट भाराला उत्तम जुळतो, बाकीच्या भारांवर तडजोड राहते. माझ्या मते या गाडीत ती तडजोड उताराच्या वाट्याला आली आहे, आणि घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या आम्हा नाशिककरांना ती जाणवणारच.

न्यूट्रलला हलकी खडखड येते व क्लच दाबताच थांबते. ती भार नसलेल्या दात्यांमधील मोकळ्या फटीची आहे.

गाडी चालवून पाहताना एवढे अवश्य तपासावे: सूर एकाच गिअरमध्ये येत असेल, तर तो त्या गिअरच्या एकमेकांत भिडणाऱ्या चाकांच्या जोडीचा असण्याचा संभव अधिक; गिअर बदलूनही गाडीच्या त्याच वेगाला येत असेल, तर संशय फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सकडून चाकांकडे गती नेणारी शेवटची गिअरजोडी), चाकाचे बेअरिंग किंवा टायरवर घ्यावा. मला सर्व्हिसिंगच्या वेळी जाड गिअर ऑइल भरण्याचा सल्ला मिळाला, तो मी नाकारला. जाड तेलाने खडखड थोडी दबेल, परंतु दात्याचा आकार बदलणार नाही, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे गिअर जड पडतील ते वेगळेच.