आधी ओल शोधली, मग रंग लावला: नेरूळच्या घराचं वॉटरप्रूफिंग

नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगीत राहतो. बेडरूमच्या भिंतीला पोपडे सुटलेले, कपाटामागे काळी बुरशी. आधीच्या रंगाऱ्याने वरून पुट्टी मारून रंग दिला होता, तो पुढच्याच पावसात फुगला.

यंदा पाऊस सरल्यावर ओळखीतून वॉटरप्रूफिंगचे मिस्त्री बोलावले. त्यांनी रंगाचा विषयच काढला नाही. वरच्या काकूंच्या बाथरूमची जाळी बंद करून दिवस-रात्र पाणी साठवलं. आमच्या भिंतीवर काही फरक नाही. मग बाहेरून खिडकीच्या सज्जाला भेग सापडली. नैऋत्येकडून येणारा पावसाचा मारा नेमका त्याच बाजूला बसतो.

भेग खोदून रुंद केली, पॉलिमर मॉर्टरने भरली. आतला गिलावा विटेपर्यंत काढला. विटांवरचा पांढरा लोणा, म्हणजे ओलीने वर आलेला क्षार, तारेच्या ब्रशने घासला, कारण तो राहिला तर नवा गिलावाही सुटतो. आणि मग काम चक्क थांबवलं! खाडीकाठच्या दमट हवेत भिंत सावकाश वाळते. ते अधूनमधून येऊन मॉइश्चर मीटर टेकवायचे, आकडा मलाच वाचायला लावायचे. तो उतरल्यावरच नवा गिलावा आणि पुट्टी. हा धीर मला सगळ्यात आवडला.

दर स्वस्त नाही. धूळ भयंकर होते, सामान झाकायचं प्लॅस्टिक आपणच आणायचं. वॉरंटी मागितल्यावर लेखी दिली. परांचीसाठी सोसायटीची परवानगी मात्र आधीच काढून ठेवा.