युटोपियाज २०२१: फेस न येणारी २८ टक्क्यांची बिअर

गार ग्लास, वर फेस आणि मोठा घोट ही बिअरची सवय या बाटलीपुरती विसरावी लागते. सॅम्युएल ॲडम्सवाल्या बॉस्टन बिअर कंपनीची युटोपियाज २००२पासून साधारण वर्षाआड येते. २०२१च्या बाटलीत अल्कोहोल २८ टक्के, माल पाऊण लिटरच्या आसपास, छापील किंमत तेव्हा २४० डॉलर. २०२१ साली अमेरिकेतल्या १५ राज्यांत ती विकताच येत नव्हती. तिथे बिअरमधल्या अल्कोहोलवर कायद्याने मर्यादा घातली होती आणि ही ती कधीच ओलांडून गेलेली.

एल जातीच्या बिअरचं नेहमीचं यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारी बुरशी, १०-१२ टक्के अल्कोहोलच्या आसपास थकतं. स्वतःच तयार केलेलं अल्कोहोल त्याला सोसत नाही. म्हणून अशा बिअरसाठी शॅम्पेनला वापरतात तसं काटक यीस्ट घेतात आणि साखर थोडीथोडी करून देतात. एकदम ओतली तर यीस्ट सुरुवातीलाच गारद होतं आणि हाती नुसता गोड पाक राहतो. पुढचं काम ओकच्या पिंपांचं. वेगवेगळ्या वर्षांची बिअर मिसळून ही तयार होते आणि त्यातली काही वीस वर्षांहून जुनी असते. २०२१ला शेवटचा हात फ्रान्सच्या सोतेर्न या गोड वाइनच्या पिंपांनी आणि चेरींनी फिरवला आहे.

ग्लासात बुडबुडा दिसत नाही म्हणून बाटली खराब निघाली असं समजू नका. लाकडात वर्षानुवर्षं राहून वायू निघून जातो आणि २८ टक्क्यांत नवा वायू तयार करायला जिवंत यीस्ट उरत नाही.

फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. थंडीने वास मिटतो आणि जिभेवर फक्त गोडी व जळजळ राहते. १८ ते २० अंश ठीक. ग्लास छोटा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. त्यात ३० मिली, जास्त नाही. ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका, वरचा अल्कोहोलचा झोत तेवढ्यात ओसरतो. मग ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाक थेट आत घातलं की ते बधिर होतं आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात.

वासात आधी मेपल सिरप आणि व्हॅनिला, मागून मनुका, अंजीर, जळत आलेली साखर. पहिला घोट चमचाभरच घ्या आणि जिभेवर फिरवा. दाट, जवळजवळ तेलकट. मध्ये चेरीची आंबटसर रेघ येते आणि तिच्यामुळेच गोडी चिकट होत नाही. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा कडवटपणा शोधू नये, मिळणार नाही. गिळल्यावर लाकडाचा तुरटपणा हिरड्यांवर बराच वेळ राहतो. चवीत खोलवर सोया सॉससारखी खारट छटाही आहे. यीस्टच्या मेलेल्या पेशी फुटून ती येते. इथे ती शोभते, पण नाकाला आधी तीच जाणवली तर बाटली उन्हात किंवा उकाड्यात राहिली असण्याची शंका घ्यावी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर हवा शिरली आहे.

जळजळ जास्त वाटली तर पाव चमचा पाणी घाला. फळांचा वास वर येतो. त्याहून जास्त घातलं की दाटपणाच जातो.

हिशेब सोपा आहे. यातल्या ६० मिलीत जवळपास १७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ५ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीइतकं. गोडीमुळे ते कळत नाही आणि फसगत होते ती इथेच. बाटलीतून ३० मिलीचे तेवीस-पंचवीस ग्लास निघतात, छापील किमतीने ग्लासाला साधारण दहा डॉलर पडतात. बारमध्ये एका ग्लासाला कितीतरी जास्त मोजण्यापेक्षा सात-आठ जणांत एक बाटली घ्यावी.

बाटली दिसायला देखणी, वापरायला अडचणीची. आतलं काही दिसत नाही, म्हणून भरलेली असतानाच वजन करून आकडा बुडावर चिकटवा. किती उरली ते त्यावरून कळेल. ती उभीच ठेवा. आडवी ठेवली की अल्कोहोल झाकणाच्या सीलला लागून राहतं. उघडलेली अंधारात काही महिने टिकते. निम्म्याखाली गेली की उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी. बंद बाटली वर्षानुवर्षं जपून मात्र काही साधत नाही: मुरायचं ते पिंपात मुरून झालं आहे.

पोर्ट ही गोड, कडक वाइन किंवा कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी आवडणाऱ्याला ही नक्की पटेल. नुसतं इम्पिरियल स्टाउट, म्हणजे काळी, कडक बिअर पिणाऱ्याला भाजल्या माल्टची (मोड आणलेल्या सातूची) कॉफी-चॉकलेटची चव इथे सापडणार नाही, त्याने आधी एक ग्लासच चाखावा. जुन्या वर्षांच्या बाटल्या चढ्या भावाने विकल्या जातात. त्यात सील शाबूत आहे का आणि वजन भरतं का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.