भोसरीत बनवून घेतलेली १६५० डिग्रीची सिंटरिंग फर्नेस, आठ महिने वापरल्यानंतर

आधी सांगते की मी वर्कशॉपचं नाव लिहीत नाहीये, कारण जाहिरात करायची नाही, तर अशी फर्नेस कशी बघून घ्यायची ते सांगायचंय. डेंटल लॅबवाले, छोटे सिरॅमिकवाले, कॉलेजची लॅब लावणारे, सगळ्यांना उपयोग होईल असं वाटतं.

माझी भाची सांगलीत डेंटल लॅब चालवते. झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, दातावर बसवायच्या कॅप बनवतात, म्हणजे खडूसारखा कच्चा ब्लॉक मशीनवर कोरतात आणि मग १५०० डिग्री सेल्सियसच्या वर भाजतात, यालाच सिंटरिंग म्हणतात, भाजताना तो सगळ्या बाजूंनी साधारण २० टक्के आटतो आणि दात तयार. मागच्या वर्षी तिचा फोन आला, मावशी दात हिरवट-पिवळे निघतायत, पेशंटला देता येत नाहीत, ब्लॉक बदलून बघितला, कंपनी बदलून बघितली, काहीच फरक नाही. मी म्हटलं फर्नेसच्या आतला फोटो पाठव. फोटोत एलिमेंटवर, म्हणजे करंटने तापणाऱ्या कांड्यांवर, आणि तळाला पिवळसर भुकटी दिसली आणि मला एकदम माझ्या पीएचडीतला एक सोमवार आठवला.

मी पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजची, मेटलर्जीची (धातुशास्त्राची), पुढचं सगळं आयुष्य जास्त तापमानाला टिकणाऱ्या धातू आणि कंपाउंडवर गेलं. सुरुवात निकेल ॲल्युमिनाइडने केली, Ni₃Al, जे तापवलं की आधी मऊ व्हायच्या ऐवजी जास्त ताकदवान होतं, साधारण ७००-८०० डिग्रीपर्यंत त्याची ताकद वाढत जाते, जेट इंजिनच्या ब्लेडच्या सुपरॲलॉयमध्ये तेच कण काम करतात. पण नुसतं घेतलं तर ठिसूळ, ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे आतले दाणे जिथे एकमेकांना चिकटतात तिथे, तुटायचं, आणि १९७९ मध्ये जपानात आओकी आणि इझुमी यांनी दाखवलं की चिमूटभर बोरॉन घातलं की ते वाकायला लागतं. ते वाचून मी या विषयात पडले ती पडलेच. तिथून मॉलिब्डेनम डायसिलिसाइड, MoSi₂, आणि शेवटची काही वर्षं झिर्कोनियम डायबोराइड, जे ३२०० च्या वर वितळतं. पण जीव रमला तो मधल्या कंपाउंडमध्येच.

तर तो सोमवार. आम्ही MoSi₂ ची आर्क फर्नेसमध्ये वितळवून केलेली छान चकचकीत राखाडी गोळी शुक्रवारी संध्याकाळी ५०० डिग्रीला हवेत ठेवून घरी गेलो. ज्याचा वितळबिंदू २००० च्या वर आहे त्याला ५०० काय करणार असं वाटलं होतं. सोमवारी क्रुसिबल उघडलं तर गोळी नव्हतीच, तिच्या जागी फुगलेला भुकटीचा ढीग, काठाला पिवळसर, आणि भिंगातून बघितलं तर बारीक सुयांसारखे स्फटिक. ते मॉलिब्डेनम ऑक्साइड. याला इंग्रजीत पेस्ट (pest) म्हणतात, कीड या अर्थाने, आणि नाव अगदी बरोबर आहे कारण आतून कीड लागल्यासारखंच होतं. १९५५ मध्ये फिट्झर यांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. ४०० ते ६०० च्या पट्ट्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम दोघांचंही ऑक्साइड एकदम बनतं, ते बारीक भेगांमध्ये वाढतं, जागा जास्त लागते म्हणून दाण्यापासून दाणा सुटा करतं. आणि गंमत अशी की हेच कंपाउंड १५०० ला वर्षानुवर्षं आरामात राहतं, कारण तिथे मॉलिब्डेनमचं ऑक्साइड वाफ होऊन उडून जातं आणि मागे काचेसारखा सिलिकाचा पातळ थर उरतो, तो सगळं झाकून घेतो. नंतर कळलं की आमच्या गोळीत कास्टिंगच्या भेगा होत्या म्हणून इतकी वाट लागली, हॉट प्रेस केलेल्या, म्हणजे गरम असतानाच दाबून केलेल्या घट्ट गोळ्या त्याच तापमानाला बऱ्याच टिकल्या. पुढची अनेक वर्षं माझं काम म्हणजे या थराची काळजी घेणं. नायोबियम या धातूच्या रॉकेट नोझलवर सिलिसाइडचं कोटिंग करतात तेही याच कारणासाठी, नाहीतर नायोबियम हवेत तापवलं की संपलं.

आता भाचीच्या फर्नेसमधले एलिमेंट याच MoSi₂ चे. १५०० च्या वरच्या बहुतेक फर्नेसमध्ये तेच असतात. तिच्या लॅबमधली मुलं कॅपला रंगाचं लिक्विड लावून ओल्याच आत ठेवायची, त्या आम्लाच्या वाफेने एलिमेंटवरचा थर खराब व्हायचा, वर ती फर्नेस रात्रभर ५०० च्या आसपास गरम ठेवायची सवय, म्हणजे बरोबर किडीच्या पट्ट्यात. एलिमेंट लगेच तुटत नाही पण भुकटी मालावर पडते. ते शिकवता आलं असतं, पण त्या फर्नेसचं लायनिंगही (आतलं उष्णतारोधक अस्तर) गेलं होतं आणि ती विकणाऱ्यांनी दोन महिने नुसतं उद्या माणूस पाठवतो केलं. म्हणून नवीन घ्यायची ठरली आणि मी म्हटलं मी येते बघायला.

भोसरीचं वर्कशॉप म्हणजे एक गाळा, चार-पाच माणसं, मालक स्वतः वेल्डिंगचा गॉगल डोक्यावर चढवून फिरतायत. इम्पोर्टेडच्या निम्म्या किमतीत म्हटल्यावर मला शंका होती. मी तीन प्रश्न विचारले आणि तेच तुम्हीही विचारा. पहिला, थंड असताना करंट कसा आवरता? कारण या एलिमेंटचा रेझिस्टन्स थंड असताना १७०० च्या मानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, सरळ लाइन दिली तर करंट उसळी मारतो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणि करंट कमी-जास्त करणारा थायरिस्टर दाखवला, करंट लिमिट कुठे सेट करतात तेही दाखवलं. दुसरा, ४०० ते ६०० मधून कसे जाता? मालक म्हणाले, "मॅडम, तिथे थांबायचंच नाही, प्रोग्रॅममध्ये होल्ड टाकूच देत नाही आम्ही, आणि नवीन एलिमेंट लावले की पहिलं रिकामं १४५० च्या वर चालवून काच चढवून देतो." काच चढवून देतो. मी इतकी वर्षं पेपरमध्ये जे लिहीत आले ते या माणसाने तीन शब्दांत सांगितलं, मला खूप बरं वाटलं. तिसरा, एक एलिमेंट तुटलं तर? एकच बदलायचं, म्हणाले. बरोबर आहे, सिलिकॉन कार्बाइडचे रॉड वापरून जुने झाले की रेझिस्टन्स वाढतो म्हणून पूर्ण सेट बदलावा लागतो, MoSi₂ मध्ये जुन्याशेजारी नवीन चालतं. कोणी पूर्ण सेट गळ्यात मारत असेल तर लक्षात ठेवा.

ऑर्डर दिली. सांगितलेल्या तारखेपेक्षा तीन आठवडे उशीर झाला, आणि टेम्पोत येताना एक एलिमेंट तुटलं. हे थंड असताना काचेसारखं ठिसूळ असतं, १००० च्या वर गेल्यावरच थोडं वाकतं, त्यामुळे एलिमेंट काढून वेगळे फोममध्ये पाठवायला हवे होते, लटकवलेले नाही. त्यांनी दुसरं एलिमेंट फुकट दिलं आणि स्वतःचा माणूस पाठवून लावून दिलं हे खरं, पण चार दिवस गेले. लावताना त्या मुलाचं काम मी शेजारी उभी राहून बघितलं, जाड टोकाला ॲल्युमिनियमची वेणीसारखी पट्टी, क्लॅम्प हलक्या हाताने, एलिमेंट मोकळं सरळ लटकतंय ना ते ओळंब्यासारखं डोळ्याने बघून. काम येतं त्यांना.

मग मी तापमान तपासलं. डिस्प्ले काय दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका, झिर्कोनियाला २०-३० डिग्रीने रंग आणि पारदर्शकता बदलते. माझी जुनी प्लॅटिनमची थर्मोकपल (दोन तारांचा तापमान मोजायचा सेन्सर) घेतली, टोकाच्या दोन तारांमध्ये सांगलीतल्या सराफाकडून आणलेली २४ कॅरेट सोन्याची इवलीशी तार जोडली, कॅप ठेवतात तिथे ठेवली आणि हळूहळू तापवलं. सोनं १०६४ ला वितळतं, वितळलं की सर्किट तुटतं, मीटर पडतो, बास. भाचीने विचारलं मावशी चांदी स्वस्त पडली नसती का, तर चांदी नको, ती वितळताना हवेतला ऑक्सिजन पिते आणि तिचा वितळबिंदू काही डिग्री खाली सरकतो. मीटर पडला तेव्हा डिस्प्लेवर १०७९ होतं. वरच्या तापमानाला माझ्याकडे उरलेल्या पॅलॅडियमच्या तारेने तेच केलं, ती १५५४ च्या आसपास जाते, तिथे डिस्प्ले १५६६. म्हणजे फर्नेसची स्वतःची थर्मोकपल एलिमेंटच्या जास्त जवळ आहे. फोन केला, मालकांनी कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे हा फरक वजा करायचा आकडा, कसा टाकायचा ते लगेच सांगितलं, वाद घातला नाही. पण हे त्यांनीच पाठवायच्या आधी करून कागदावर लिहून द्यायला हवं.

अजून एक, सुरुवातीला डिस्प्ले खोलीच्या तापमानाला काहीतरी वेडंवाकडं दाखवतो, त्याला फॉल्ट समजून फोन करू नका. यात बी टाइपची थर्मोकपल आहे, १००० डिग्रीला ती जेमतेम ४.८ मिलिव्होल्ट देते, साध्या के टाइपची तिथे ४१ च्या वर असते, आणि खोलीच्या तापमानाला बी टाइप जवळजवळ शून्य. वरच्या तापमानासाठी तीच योग्य. हे मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअल म्हणजे दोन पानं, तीही इंग्रजीत, सांगली-साताऱ्याच्या लॅबमध्ये फर्नेस चालवणारी मुलं मराठी वाचतात, चार पानं मराठीत द्या हो.

आठ महिन्यांत काय झालं तर दाराच्या काठाचा फायबर बोर्ड एका कोपऱ्याला भेगाळला, बाकी लायनिंग ठीक आहे. पंख्याचा आवाज जास्त आहे. दोनदा मधेच लाइट गेली, एकदा दहा मिनिटांत आली तेव्हा प्रोग्रॅम तिथूनच पुढे चालला आणि कॅप चांगल्या निघाल्या, दुसऱ्यांदा तासभर गेली तेव्हा कंट्रोलरने स्वतःहून पुढे न चालवता अलार्म दिला, मला हेच हवं होतं कारण अर्धवट भाजलेला माल परत भाजला की फसवा निघतो. एलिमेंट काळसर चकचकीत आहेत, बोट फिरवलं तर काचेसारखे गुळगुळीत. पिवळी भुकटी अजिबात नाही. भाची आता कॅप दिव्याखाली पूर्ण वाळवल्याशिवाय आत ठेवू देत नाही आणि महिन्यातून एकदा रिकामी फर्नेस १५०० ला चालवते.

पाचपैकी चार. एक कापला तो पॅकिंग, उशीर आणि मॅन्युअलसाठी. फायबरचा कोपरा दुरुस्त करायला त्यांचा माणूस पुढच्या गुरुवारी येतोय, आणि त्याच्याबरोबर भाचीने अजून एका फर्नेसचं कोटेशन मागवलंय. सोन्याची उरलेली तार तिने डबीत ठेवली आहे, दिवाळीनंतर परत तपासायला.