अतिसक्रिय मूत्राशयासाठी टिबिअल नर्व्ह स्टिम्युलेशन: बारा आठवड्यांचा अनुभव

लघवीची घाई आवरत नाही म्हणून माझी आई लग्नकार्याला जाणेही टाळू लागली होती. गोळ्यांनी तोंड कोरडे पडू लागले आणि बद्धकोष्ठ वाढले, तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांनी पायातल्या टिबिअल नावाच्या नसेला सुईतून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा हा उपचार सुचवला. पुण्यातील एका खासगी दवाखान्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास, अशा बारा फेऱ्या आम्ही पूर्ण केल्या.

पायाला सुई टोचून मूत्राशय कसे शांत होणार, ही आईची पहिली शंका. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारी ही नस कण्याच्या ज्या भागाशी जोडलेली असते, त्याच भागातून मूत्राशयावर ताबा ठेवणाऱ्या नसाही निघतात, म्हणून पायातून वर जाणाऱ्या सौम्य विद्युतसंकेतांचा मूत्राशयावर परिणाम होतो, हे तिथल्या ताईंनी कागदावर रेघा ओढून समजावले. पेसमेकर नाही ना, हेही आवर्जून विचारले. घोट्याच्या हाडापासून तीनेक बोटे वर केसासारखी बारीक सुई घालून त्यांनी प्रवाह हळूहळू वाढवत नेला, आईच्या पायाचा अंगठा आपोआप खाली वळला, तशा त्या म्हणाल्या, "काकू, नस सापडली बघा." नंतर तळव्याला मुंग्या येत राहिल्या, दुखले मात्र नाही.

तक्रार दोन गोष्टींची आहे. पहिले पाच आठवडे काहीच फरक नव्हता आणि आई उपचार सोडायला निघाली होती. गुण यायला बरेचदा सहा-आठ आठवडे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. दुसरी गोष्ट मला अधिक लागली: ज्यांना घाई रोखता येत नाही, अशाच रुग्णांच्या या विभागाचे स्वच्छतागृह एक मजला खाली होते.

हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. अमेरिकेत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्के, तर लटका, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा मिळालेल्यांपैकी २०.९ टक्के रुग्णांनी मध्यम किंवा लक्षणीय सुधारणा सांगितली होती. आईला सातव्या आठवड्यापासून गुण आला. लघवीच्या नोंदवहीत रात्रीच्या रकान्यात पूर्वी चार खुणा असत, बाराव्या आठवड्यात बहुतेक दिवशी एकच होती. आता महिन्यातून एकदा जावे लागते, आणि त्या दिवशी वही ती स्वतः आठवणीने पिशवीत घालते.