निवडुंगवाल्याकडचा भरिताचा टाको

पाटीवर नाव नाही. नुसता एक हिरवा निवडुंग रंगवलाय, तोही असा की लांबून भेंडीच वाटावी. त्यामुळे भुसावळात सगळे ‘निवडुंगवाला’च म्हणतात. जामनेर रोडला एक गाळा, आत पाच टेबलं, बाहेर दोन बाकडी. मी चार वेळा जाऊन आलो. पहिल्यांदा नातवाच्या हट्टापायी, दुसऱ्यांदा बायकोला दाखवायला, पुढच्या दोन्ही वेळा एकटाच. रेल्वेत एकतीस वर्षं टीसी होतो, रिटायर झालोय, वेळ आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन टाकोंची प्लेट 120 रुपयांना. टाको म्हणजे तळहाताएवढी मक्याची पोळी, तिच्यात भाजी, वरून कांदा-कोथिंबीर, लिंबू पिळायचं आणि दुमडून खायचं. नातवानं मॉलमध्ये खाल्लेला टाको पापडासारखा कडक होता. हा मऊ असतो, आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे खरा हाच. मुलगा म्हणजे मालक. वय असेल अठ्ठावीस-तीस, यावलकडचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला.

पोळीचं सांगण्यासारखं आहे. मका आपल्याच भागातला, पण हा पठ्ठ्या तो चुन्याच्या निवळीत उकळतो, रात्रभर तसाच ठेवतो, सकाळी चोळून साल काढतो आणि मग ओला दळतो. मेक्सिकोत हजारो वर्षं असंच करतात म्हणे. चुना लागला की मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपातल्या लोकांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग. तव्यावर ती पोळी फुगते तेव्हा ओल्या भिंतीवर ऊन पडल्यासारखा वास येतो. कळण्याच्या भाकरीशी तिचं नातं लागत नाही, पण शेजारी बसवली तर दोघींचं जमेल.

बायको म्हणाली, “मक्याची भाकर खायला तीस रुपये रिक्षाला घातले?” मग भरिताचा टाको आला. तिनं उघडून आतलं वांगं बोटानं चाचपलं, चाखलं, आणि थेट भटारखान्याच्या दाराशी जाऊन विचारलं, “बामणोदचं आहे का रे?” भरिताची वांगी तिथली नावाजलेली. तो म्हणाला, “हो काकू, काड्यांवर भाजलंय, गॅसवर नाही.” लेवा पाटलांच्या घरातली बाई. परक्याच्या भरिताला तिनं चांगलं म्हटल्याचं मी आजवर दोनदाच ऐकलंय. हे तिसरं. त्यात शेंगदाणे आहेत, कांद्याची पात आहे, मिरचीही आपल्याच तिखटाची. तो म्हणतो, मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, मका हे सगळं तिकडूनच पोर्तुगिजांच्या जहाजातून आलंय, मी फक्त परत भेट घडवून आणली. बरं बोलतो.

राजम्याचा टाको मात्र घेऊ नका. दोनदा मागवला, दोन्ही वेळा दाणा कच्चा. दालचिनीची साखर भुरभुरलेली चुरो नावाची लांब भजी थंड येते आणि मग ती खाण्यापेक्षा खिशात ठेवावीशी वाटते. कागदी प्लेट रस्सा सोसत नाही. पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं थांबलो. इतक्या वेळात आमची पॅसेंजरसुद्धा भादलीच्या पुढे जायची.

सरबत मात्र चुकवू नका. तिकडे ‘हमाइका’ म्हणतात, लालभडक, आंबटगोड. एक घोट घेतला आणि मी म्हटलं, अरे ही तर अंबाडी! अंबाडीच्या बोंडांच्या लाल पाकळ्या वाळवून उकळतात. आपण पानांची भाजी खाल्ली आणि बोंडं बांधावर सोडून दिली. ग्लास 40 रुपये.

आता ज्यासाठी मी एकटा दोनदा गेलो ते. हा मुलगा टेक्सासात, सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये एक वर्ष ट्रेनी होता. जे-वन म्हणजे शिकाऊ कामाचा व्हिसा, मुदत बारा महिने. मुदत संपली, परत आला. सरळ गोष्ट. पण आला फेब्रुवारी 2025 मध्ये, आणि त्याच महिन्याच्या 5 तारखेला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना हातापायात बेड्या घालून अमृतसरला उतरवून गेलं होतं. त्यात महाराष्ट्रातलेही तिघं होते. झालं. गावात पारावर पहिला प्रश्न, “तुलेबी बेड्या घालून आनलं का भो?” आईला शेजारणी हळूच विचारायच्या, एजंटाचे पैसे बुडाले का? पोरगं पासपोर्टवरचे शिक्के दाखवत फिरत होतं. म्हणतो, “काका, तिथे वर्षभर माझे कागद कुणी बघितले नाहीत. इथे आल्यावर सगळ्यांनी बघितले.”

मी त्याला विचारलं, तिथे किचनमध्ये तुझ्याबरोबर जे मेक्सिकन लोक होते, त्यांचं काय म्हणणं होतं? कारण टीव्हीवर ऐकून माझा समज असा की हाकलायची भाषा करणाऱ्या ट्रम्पना त्यांच्यातला कुणी मत देणारच नाही. तो हसला. त्याच्या हाताखाली नाही, त्याच्या डोक्यावर असलेला मोठा आचारी साठीचा, मेक्सिकन वंशाचा, पण टेक्सासातच जन्मलेला. मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या स्टार काउंटीचा. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी. म्हणायचा, आमच्या घराण्यानं सीमा ओलांडलीच नाही, अमेरिका-मेक्सिकोच्या 1848 च्या तहानंतर सीमाच आमच्यावरून गेली. हे ऐकून मला नवापूर स्टेशन आठवलं. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली आणि अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात राहिला. एकाच बाकड्यावर दोन राज्यं बसतात. बाकडं काही चाललं नव्हतं.

तर या आचाऱ्यानं 2024 ला ट्रम्पना मत दिलं. तो एकटा नव्हे. स्टार काउंटीत शंभरातले जवळपास सत्त्याण्णव लोक हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या वंशाचे. 2016 मध्ये तिथे ट्रम्पविरुद्ध डेमोक्रॅट पक्षाच्या हिलरी क्लिंटन साठ टक्क्यांच्या फरकानं पुढे होत्या. 2024 मध्ये तिथे ट्रम्प जिंकले. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारानं ती काउंटी जिंकली ती 1892 नंतर पहिल्यांदा. देशभराचं बघितलं तर प्यू रिसर्च सेंटर या तिकडच्या पाहणी करणाऱ्या संस्थेच्या हिशेबानं हिस्पॅनिक मतदारांपैकी 48 टक्के ट्रम्पकडे, 51 टक्के डेमोक्रॅट कमला हॅरिसकडे. चार वर्षांपूर्वी हाच हिशेब 36 आणि 61 होता.

मुलगा म्हणतो, किचनमध्ये पहिलं कारण महागाई. अंडी, पेट्रोल, भाडं. हाकलण्याचा विषय त्याच्या मागून यायचा, पण यायचा. आचाऱ्याची बायको, तिला 1986 च्या, अध्यक्ष रेगन यांच्या वेळच्या कायद्यात राहायचे कागद मिळाले, विनाकागद आलेल्यांना दिले ते. त्या वेळी सुमारे 27 लाख लोकांना मिळाले होते. ती म्हणायची, मी फी भरली, बोटांचे ठसे दिले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि हे आज येतात नि त्यांना हॉटेलात खोली मिळते? पुतण्या बॉर्डर पेट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या खात्यात. त्या खात्यातले जवळपास निम्मे जवान हिस्पॅनिकच आहेत. नदीकाठच्या गावांत बऱ्या पगाराची सरकारी नोकरी म्हणजे तीच. आपल्याकडे जसं रेल्वे नाहीतर ऑर्डनन्स फॅक्टरी. घरात युनिफॉर्म टांगलेला असला की सीमेबद्दलचं बोलणं बदलतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

माझा मोठा भाऊ 1984 साली सुरतला गेला, उधन्याला, लूमवर. आज लिंबायत, डिंडोली, उधना फिरा, गुजरातेत आहोत असं वाटत नाही. अहिराणी ऐकू येते, शेवभाजीचा वास येतो. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील तिथून, नवसारी मतदारसंघातून, खासदार होतात. आणि माझा भाऊ उत्तरेतून येणाऱ्या पोरांबद्दल काय म्हणतो? “आम्ही आलो ते कामाला आलो, हे गर्दी करायला येतात.” भाऊ स्वतः आला तेव्हा एका खोलीत अकरा जण झोपायचे, पाळीपाळीनं. मी आठवण करून दिली तर जेवणाच्या ताटावरून उठला.

असो. सरबत संपलं होतं, दुसरं मागवलं.

तिसऱ्या भेटीत मी मुलाला म्हटलं, मग आता तो आचारी खूश असेल. मुलानं हात पुसले, फोन काढला, आणि काही न बोलता मला एक फोटो दाखवला. आचाऱ्याचं पाकीट. ड्रायव्हिंग लायसनच्या मागे जन्माचा दाखला घडी करून ठेवलेला. टेक्सासात जन्मलेला साठीचा माणूस, जन्मदाखला खिशात घेऊन कामावर जातो. जून 2025 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये विनाकागद लोकांना पकडायला धाडी पडल्या, त्या मजूर उभे राहतात त्या पार्किंगमध्ये, गाड्या धुण्याच्या ठिकाणी. एका कोर्टानं सांगितलं, रंग, भाषा आणि कामाची जागा एवढ्यावरून कुणाला अडवू नका. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ती मनाई तूर्त बाजूला ठेवली. आचाऱ्यानं फोटोखाली लिहिलं होतं, मी गुन्हेगारांना हाकला म्हटलं होतं.

यावर मुलगा काही बोलला नाही. मी बोललो, कारण हे मी डब्यात रोज पाहिलंय.

सुरतच्या गाडीला आरक्षित डब्यात जनरलचे लोक घुसतात. लगेच पासवाले आणि रिझर्व्हेशनवाले माझ्यामागे, “साहेब, करता काय तुम्ही? हाकला यांना!” मी हाकलायचो. टाळ्या पडल्याचंही आठवतं. पण वरून आदेश आला आणि मॅजिस्ट्रेट चेकिंग लागलं की सगळ्यांचंच तिकीट बघायचं, सगळ्यांचंच ओळखपत्र बघायचं. मग तोच पासवाला, ज्यानं सकाळी टाळी वाजवली, त्याचं ओळखपत्र घरी राहिलेलं असतं. “मी? वीस वर्षं या गाडीनं जातोय! मी काय विदाऊट दिसतो?” दंड किमान 250 रुपये, पण त्याला पैशाचं दुःख नसायचं. चार लोकांसमोर उभं केलं, याचं असायचं. त्याचं आधीचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. घुसलेल्या गर्दीचा त्रास त्याला खरंच व्हायचा. त्याला तिकीट तपासणी हवी होती, फक्त ती त्याच्या सीटपर्यंत येईल असं त्यानं धरलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, “काका, तठे बी आपलासारखंच शे.” यावलचा असून अहिराणी कुठली, विचारलं तर म्हणाला, आजोळ अमळनेरचं.

प्यूच्या 2025 च्या ऑक्टोबरमधल्या पाहणीत दहातल्या सात हिस्पॅनिक प्रौढांनी सांगितलं की सरकार हद्दपारीच्या बाबतीत फारच पुढे गेलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये असं म्हणणारे निम्म्याहून थोडेच जास्त होते. नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या पॅसेइक काउंटीनं, जिथे हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे आणि जिथे वर्षभरापूर्वी ट्रम्प जिंकले होते, गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट उमेदवाराला भरघोस मतं दिली. यावरून लगेच कुणी ढोल वाजवू नये. आचाऱ्याची बायको अजूनही म्हणते, सीमा बंद केली ते बरंच केलं. सीमा आणि गल्ली या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीवाले मात्र दोन्हींसाठी एकच प्रश्न विचारतात. आचाऱ्यानं पुढे कुणाला मत द्यायचं ठरवलंय, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, विचारलं नाही काका, त्याच्याकडून मोले सॉसची रीत अजून यायचीय.

तो मोले म्हणजे मिरच्या, शेंगदाणे, तीळ आणि कोको वाटून केलेला काळा रस्सा. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शाचा चुलतभाऊ असावा. मेनूत ‘लवकरच’ म्हणून लिहिलंय, दोन महिने झाले.

पाचपैकी चार तारे. एक राजम्याचा कापला. पार्सल नेऊ नका, पोळी घरी पोचेपर्यंत चामड्यासारखी होते. सोमवारी बंद असतं. संध्याकाळी सातच्या आत गेलात तर बाहेरचं बाकडं मिळतं, नाहीतर कॉलेजची पोरं बसलेली असतात आणि उठत नाहीत. सुटे पैसे न्या, त्याचा पैसे आल्याचं बोलणारा डबा निम्म्या वेळा गप्प असतो. आणि भरिताचे टाको रोज साठ-सत्तरच होतात, तेव्हा आधी ते सांगा आणि मगच बसा.